हिमेजीचा किल्ला: दारादाराशी थांबत वर जा

माझी थोरली लेक कोबेला नोकरीला आहे. तिच्याकडे मी आणि आमची ही दोनदा जाऊन आलो. तेव्हापासून फोंड्यात कुणाच्या घरी जपानचं तिकीट निघालं की मला फोन येतो, "काका, तिथं एकच किल्ला बघायचा तर कुठला?" मी सांगतो, हिमेजी. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तासाभरात होईल ना?" नाही होणार, आणि होऊही नये. का होऊ नये ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

पस्तीस वर्षं मी जुनी घरं आणि देवळं दुरुस्त करण्याचं काम केलं. बांदोडे, म्हार्दोळ, सावई, डिचोली, जिथं चिऱ्याच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा होता तिथं तिथं हात घातला. त्यामुळं कुठलाही किल्ला पाहताना माझी नजर आधी भिंतीकडे जाते आणि मग इतिहासाकडे. हे वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

पहिल्या खेपेला आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो. चेरी फुललेली, किल्ल्याच्या आवारात या झाडांची संख्या हजाराच्या घरात आहे, त्यामुळं सगळं जपान तिथं लोटलेलं. सकाळी दुसरं काहीतरी पाहून आम्ही दुपारी पावणेतीनला पोचलो. चारला आत सोडणं बंद होतं, पाचला किल्लाच बंद. रांगेतून पुढं ढकलले गेलो, दारं कधी आली कधी गेली कळलं नाही, मनोऱ्याच्या जिन्यावर हिचा गुडघा धरला आणि मागून येणाऱ्या माणसांमुळं तिला थांबताही येईना. संध्याकाळी लेकीनं विचारलं, "बाबा, काय पाहिलंत?" मला एवढंच सांगता आलं की किल्ला पांढरा आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या खेपेला नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, सकाळी नवाच्या ठोक्याला दारात उभा राहिलो आणि दुपारी साडेबारापर्यंत आत होतो. पुढचं सगळं त्या दुसऱ्या दिवसाचं आहे.

आता जायचं कधी ते. आपल्याकडे सुट्टी मिळते ती नाताळात आणि मे महिन्यात, आणि नेमक्या दोन्ही वेळा तिथं अडचणीच्या आहेत. 29 आणि 30 डिसेंबरला किल्ला बंद असतो. नाताळाच्या सुट्टीत जाणार असाल तर या दोन तारखा सोडूनच हिमेजीचा दिवस ठरवा. एप्रिलच्या 29 पासून मेच्या 5 पर्यंत जपानी लोकांचा सलग सुट्ट्यांचा आठवडा असतो, तेव्हा मनोऱ्यात शिरायलाच मोठी रांग. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, आणि ऑगस्टचा उकाडा थेट आपल्या मेसारखा, अंगाला चिकटणारा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मात्र सोन्यासारखा. हवा कोरडी, ऊन कोवळं, मेपलची पानं लाल झालेली. आपली चवथ, दसरा, दिवाळी उरकून निघालात तरी तो पंधरवडा हाती लागतो.

मोपाहून किंवा दाबोळीहून जपानला थेट विमान नाही. दिल्लीवरून जा, मुंबईवरून जा, सिंगापूर किंवा बँकॉकवरून जा, पण शक्य असेल तर उतरायचं ओसाकाच्या कान्साइ विमानतळावर, टोकियोला नको. हिमेजी ओसाकाच्या पश्चिमेला आहे. ओसाका स्टेशनातून "शिंकाइसोकु" नावाची जलद गाडी थेट हिमेजीला जाते, तासाभरात पोचवते आणि साध्या तिकिटावर चालते. शिन-ओसाकाहून शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, अर्ध्या तासात नेते, पण पैसे दुप्पट, आणि प्रत्येक शिंकानसेन हिमेजीला थांबत नाही, पाटी वाचून चढा. अर्धा तास वाचवायला दुप्पट पैसे घालू नयेत असं मला वाटतं. साध्या गाडीच्या खिडकीतून कोबेच्या पुढं समुद्र दिसतो, आकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल दिसतो. आपल्या माणसाला समुद्र दिसला की बरं वाटतं.

हिमेजी स्टेशनाच्या उत्तरेच्या दारातून बाहेर आलात की समोर सरळ रुंद रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला किल्ला. चुकायला वावच नाही. पंधरा-वीस मिनिटं चालायचं. मोठ्या बॅगा स्टेशनातल्या लॉकरमध्ये ठेवा, पाठीला लहानशी पिशवी पुरे. पायात चटकन काढता-घालता येणारे बूट हवेत, लेसवाले नकोत. मनोऱ्यात बूट काढावे लागतात, एक पिशवी देतात, तीत घालून आपले आपण हातात धरून फिरायचं. मोजे जाड घाला. जुन्या लाकडी जमिनीचा गारवा तळव्यातून वर चढतो, आणि नुसत्या पातळ मोज्यांनी जिन्यावर पाय घसरतो.

तिकिटाचं सांगायचं तर आम्ही गेलो तेव्हा 1000 येन होतं. मार्च 2026 पासून शहराबाहेरच्या प्रौढांना 2500 येन पडतात, 18 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वाढ ऐकून कुणी नाकं मुरडू नयेत. एवढा मोठा लाकडी किल्ला राखायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. शेजारीच कोको-एन नावाची बाग आहे, तिचं जोडतिकीट थोडक्या येनांनीच जास्त, ते घ्या. बाग 1992 ची, म्हणजे नवी, पण सरदारांच्या वाड्यांच्या जुन्या जागेवर वसवलेली. किल्ल्यानंतर पाय टेकायला तिच्यासारखी जागा नाही.

तिकीटखिडकीच्या आधी मोठं मैदान लागतं, सान्नोमारु. तिथं तिकीट लागत नाही. तिथं पाच मिनिटं उभे राहा आणि फक्त वर पाहा. जपानी लोक याला शिरासागि-जो म्हणतात, पांढऱ्या बगळ्याचा किल्ला. आपल्या शेतात भाताच्या बांधावर बगळा उभा असतो ना, मान ताठ, पंख मिटलेले, तसाच तो टेकडीवर उभा आहे. दगडी चौथरा जवळजवळ 15 मीटर, त्यावर लाकडी मनोरा 31 मीटरच्या वर. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि तळघर वेगळं. हे मैदानातच मोजून ठेवा, आत गेल्यावर मजले मोजताना गंमत येते.

आणि एक सन मनात धरून आत चला. आज दिसतो तो किल्ला इकेदा तेरुमासा या सरदारानं 1601 ते 1609 या काळात उभा केला. आपला आग्वाद 1612 चा. म्हणजे मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीज चिरे रचत होते तेव्हा हिमेजीच्या भिंतींवरचा चुना नुकता वाळत होता. आग्वाद बुटका, जाडजूड, तोफांशी झुंजायला बांधलेला. हिमेजी उंच, लाकडी, बंदुकीशी आणि तलवारीशी झुंजायला बांधलेला. ज्यानं आग्वादचा कोरडा खंदक पाहिलाय त्याला हा फरक डोळ्यांनीच कळेल, कुणी समजावून सांगायला नको.

पहिलं मोठं दार हिशी-नो-मोन. इथून बहुतेक माणसं सरळ मनोऱ्याकडे सुटतात. तुम्ही तसं करू नका, आधी डावीकडे निशी-नो-मारुला वळा. पश्चिमेचं हे आवार होंदा घराण्यानं 1617 नंतर बांधलं. सकाळी नऊला इथं शुकशुकाट असतो. दोनशे मीटरांहून लांब लाकडी गल्ली, एका बाजूला दासींच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या. टोकाला सेनहिमेचा शृंगारमहाल. ही बाई जपानचा सत्ताधीश तोकुगावा इयेयासू याची नात. सातव्या वर्षी आधीचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या मुलाशी तिचं लग्न लावलं. 1615 साली तिच्या आजोबांच्याच सैन्यानं ओसाकाचा किल्ला पाडला, त्यात नवरा गेला. पुढच्या वर्षी होंदा तादातोकीशी दुसरं लग्न, मग इथं आली. इथं तिचा मुलगा लहानपणीच गेला, 1626 साली हाही नवरा गेला, आणि ती हिमेजी सोडून गेली. आमची ही त्या महालात बराच वेळ बसून होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, दहा वर्षांत दोनदा घर मोडलं हो तिचं. आणि खिडकीतून दिसतं काय, तर मनोराच." मी सात वेळा सांगितलं असतं तरी किल्ला एवढा कळला नसता.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथंच निर्णय घ्यावा. मनोऱ्यात लिफ्ट नाही. जिने आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर जाणाऱ्या शिडीजिन्यासारखे, उभे आणि अरुंद पायऱ्यांचे. कठडा आहे, पण पायरीवर पूर्ण पाऊल मावत नाही. एका वाटेनं वर जायचं आणि दुसऱ्या वाटेनं उतरायचं, मधून परतणं जड जातं. दुसऱ्या खेपेला ही मनोऱ्यात चढली नाही. निशी-नो-मारु पाहून खाली मैदानातल्या बाकावर ऊन खात बसली, आणि किल्ला पाहिला नाही असं तिला कधीच वाटलं नाही. घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याला वरपर्यंत जायचीच आस असेल, तर ओसाकाचा किल्ला दाखवा. तो 1931 साली सिमेंटचा बांधलेला आहे, आत लिफ्ट आहे. पण तो आतून संग्रहालय आहे. जुनं लाकूड पायाखाली हवं तर हिमेजीलाच यायला हवं. जुने मूळ मनोरे सगळ्या जपानात मिळून बाराच उरलेत आणि त्यांत हा सगळ्यांत मोठा.

आता खरा किल्ला सुरू होतो, तो म्हणजे वाट.

दारांना नावं आहेत ती जपानी अक्षरांच्या जुन्या क्रमानं: इ, रो, हा, नि, हो. आपण क दरवाजा, ख दरवाजा म्हणावं तसं. ही अक्षरं म्हणत म्हणत चढा, म्हणजे एकही दार निसटणार नाही. प्रत्येक दाराशी थांबून एकच प्रश्न स्वतःला विचारा: मी हातात भाला घेऊन आलो असतो तर इथं माझं काय झालं असतं?

'हा' दरवाज्याच्या चढावर मनोरा अगदी समोर येतो, हात पुढं केला तर लागेल असा. आणि दार ओलांडताच वाट पाठ फिरवून उलटी वळते. रायगडाच्या किंवा प्रतापगडाच्या गोमुखी दरवाज्याशी वळलेल्या माणसाला हे लगेच उमजेल. आपल्याकडे दोन बुरुजांच्या कुशीत दार लपवलं, इथं सगळी टेकडीच गोमुख केली आहे. पुढं 'हो' दरवाजा लोखंडी पत्र्यानं मढवलेला आणि एवढा बुटका की उंच माणसाला वाकावं लागतं. त्याच्या पलीकडे वाट चक्क खाली उतरते. मनोऱ्याच्या बुडाशी पोचल्यावर उतार! शत्रूला वाटावं, आपण चुकलो, हा बाहेर जायचा रस्ता. मी तिथं उभा होतो तेव्हा माझ्या पुढचं एक कुटुंब खरंच थबकलं, बाप नकाशा उलटासुलटा करू लागला. चारशे वर्षांनंतरही ती युक्ती चालते आहे.

चढताना उजव्या-डाव्या भिंतींतल्या जंग्यांकडे, म्हणजे मारा करायच्या भोकांकडे, लक्ष द्या. आपल्या गडांवर जंग्या बहुतेक एकाच घाटाच्या. इथं गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभ्या लांबट. उभ्या त्या बाणांसाठी, बाकीच्या बंदुकांसाठी. एका गोल जंगीत डोळा घालून पाहिलं. आतून रुंद, बाहेर निमुळती, आणि त्या निमुळत्या भोकातून नेमका खालच्या वाटेचा तो वळसा दिसतो जिथं मी पाच मिनिटांपूर्वी फोटो काढायला थांबलो होतो. त्या बंदुका जपानात आल्या त्या पोर्तुगीजांबरोबर, 1543 साली तानेगाशिमा बेटावर. तेव्हा गोवा त्यांच्या हाती येऊन तेहतीस वर्षं झाली होती.

आणि 'नि' दरवाजा. इथं मी गोवेकरांना हात धरून थांबवीन. दाराच्या कमानदार छपराच्या टोकाला कौल आहे, तिथं एरवी सरदाराचं चिन्ह असतं. त्या कौलावर क्रूस आहे. साधा, सरळ क्रूस, जसा आपल्या वाड्यावाड्यावर तुळशीवृंदावनाच्या पलीकडे उभा असतो. खालून पटकन दिसत नाही. दारात शिरण्याआधी मान वर करून शोधावा लागतो. काही जण त्याचं नातं कुरोदा कानबेइशी जोडतात. हा हिदेयोशीचा सल्लागार 1546 साली याच किल्ल्यात जन्मला, पुढं ख्रिस्ती झाला आणि सिमेआंव हे नाव घेतलं. 1587 मध्ये हिदेयोशीनं पाद्र्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम केला, पुढं तोकुगावांनी तर धर्मावरच बंदी घातली, पण कौल आहे तिथंच आहे.

मला तिथं जुनं गोवं आठवलं. फ्रान्सिस शाव्हिएर हा पाद्री 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाला आणि 15 ऑगस्टला कागोशिमाला उतरला. त्याला वाट दाखवायला बरोबर आंजिरो नावाचा जपानी होता, तो जुन्या गोव्यात सांव पावलूच्या कॉलेजात शिकला, तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढं चार जपानी मुलगे रोमला जाऊन पोपला भेटून परतले, ते 1587 साली गोव्यात होते आणि त्यांतल्या हारा मार्तिन्योनं इथं लॅटिनमध्ये भाषण केलं. बॉं जेझूच्या चौकातून आपण शेकडो वेळा जातो. त्या चौकातून एक धागा निघून या कौलापर्यंत येतो. शेजारी एक जपानी गृहस्थ होते, त्यांना मी बोट दाखवून "गोआ, गोआ" म्हटलं. त्यांनीही मान वर केली, कौल पाहिलं आणि हसून दोनदा वाकले.

मनोऱ्याशी जाण्याआधी चौथऱ्यात जाळीच्या आड एक जात्याचा दगड दिसतो. हिदेयोशी 1580 च्या सुमारास इथं बांधकाम करत होता आणि दगड कमी पडले, तेव्हा एका गरीब म्हातारीनं आपलं जातं आणून दिलं, अशी कथा आहे. ते पाहून बाकीच्यांनी दगड आणले. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपल्याकडेही अशीच एखादी आजी आपली पाटली काढून देते.

मनोऱ्यात शिरलात की डोळे सरावायला दोन मिनिटं द्या, आत अंधुक असतं. सामान, गाद्या, सिंहासनं अशी काही सजावट नाही. काही जण म्हणतात, आत काहीच नाही. आत लाकूड आहे, आणि तेच पाहायला आलो आहोत. भिंतीला बंदुका आणि भाले अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यात शिपाई लपायच्या खोल्या, वरच्या खिडक्यांशी उभं राहायला फळ्यांचे चौथरे. पण नजर ठेवा ती दोन खांबांवर. पूर्वेचा एक, पश्चिमेचा एक, तळापासून वरच्या मजल्याच्या बुडापर्यंत सुमारे 25 मीटर. 1956 ते 1964 या काळात हा सगळा मनोरा उतरवून पुन्हा बांधला. पूर्वेचा खांब मूळचाच ठेवला, फक्त कुजलेलं बूड कापून नवं सांधलं. पश्चिमेचा मात्र बदलावा लागला, आणि एवढं सलग खोड धडपणे हाती येईना म्हणून दोन खोडं एकावर एक जोडली. देवळाच्या सभामंडपाचे खांब मी असेच बूड कापून सांधले आहेत, सहा-सात हातांचे. त्या खांबाला मी हात लावला नाही. जवळ उभा राहिलो आणि वर पाहिलं.

त्याच दुरुस्तीत कळलं की मनोऱ्याच्या वजनानं पाया असमान खचला होता आणि मनोरा एका अंगाला कलला होता. मग खाली सिमेंटचा भक्कम पाया घातला. जुनी दंतकथा अशी, की किल्ला पुरा झाल्यावर मुख्य सुतारानं बायकोला वर नेऊन दाखवला आणि ती म्हणाली, "छान आहे, पण जरा कललाय." बाईमाणसाला दिसेल एवढी आपली चूक झाली म्हणून त्यानं तोंडात पटाशी धरून वरून उडी घेतली. चूक त्याची नव्हती, जमिनीची होती, हे साडेतीनशे वर्षांनी सिद्ध झालं. मला त्या सुताराचं फार वाईट वाटतं.

सहाव्या मजल्यावर ओसाकाबे देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथं नाणं टाका, हात जोडा, मग चारी खिडक्या पाहा. दक्षिणेच्या खिडकीतून स्टेशनापर्यंतचा सरळ रस्ता दिसतो. 1945 च्या जुलैमध्ये हे सगळं शहर बॉम्बनी जळालं. किल्ल्यावर काळी जाळी पांघरली होती. आगीचा एक बॉम्ब याच वरच्या मजल्यात पडला आणि फुटला नाही. त्या जमिनीवर तुम्ही मोज्यांनी उभे असता.

उतरून बाहेर आलात की बिझेन-मारुचं मोकळं आवार. फोटो इथून काढा, मनोरा पूर्ण मावतो. मला मात्र इथं कौलांकडे पाहायचं होतं. कौलं राखाडी आहेत, पण प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या चुन्याची वरवंट्यासारखी पट्टी, म्हणून लांबून छप्परही पांढरं दिसतं. या गिलाव्याला शिक्कुइ म्हणतात. चुना, तागासारखे बारीक तंतू आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेली खळ. आपल्याकडे चुन्यात गुळाचं पाणी घालत, त्यांच्याकडे शेवाळ. काम एकच, चुन्याला धरून ठेवणं.

आणि नशीब माझं, खाली उतरताना एका ठेंगण्या भिंतीवर काम चाललं होतं. दोन गवंडी, एक साठीचा, एक तरुण. म्हाताऱ्याच्या डाव्या हातात फळी, उजव्या हातात निमुळती थापी, आपल्या थापीपेक्षा लहान. चुना फळीवरून उचलायचा तो खालून वर, एका हिसक्यात, आणि भिंतीवर ओढायचा तो नखाएवढा पातळ. एक थर. मग थांबायचं. तरुणानं घाई केली तसं म्हाताऱ्यानं काही न बोलता त्याची थापी हातानं धरली आणि दोघं उभे राहिले, चुना पाणी सोडेपर्यंत. मी अर्धा तास ते पाहिलं. आमच्या भागातल्या एका देवळाचा असाच चुन्याचा गिलावा मी दोन पावसाळे खपून वाचवला होता. नंतर सगळा खरवडून तिथं चकचकीत फरशी बसवली, कारण चुना दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. इथंही द्यावाच लागतो. 2009 ते 2015 अशी सहा वर्षं या मनोऱ्याचा चुना आणि कौलं नवी केली. बुरशी धरून तो पुन्हा काळवंडणार, आणि पुन्हा कुणीतरी फळी-थापी घेऊन चढणार. तुम्हाला असं काम चाललेलं दिसलं तर पुढं जाऊ नका, थांबा.

परतीच्या वाटेवर ओकिकूची विहीर लागते. दहा ताटल्यांतली एक हरवल्याचा आळ घेऊन मारलेली दासी रात्री विहिरीतून ताटल्या मोजते, अशी तिची गोष्ट. मुलांना ती जरूर सांगा, आपल्या आज्यांच्या देवचाराच्या गोष्टींइतकीच ती त्यांना लक्षात राहील.

मग हिशी दरवाज्याजवळ आलात की एक दगडी स्मारक शोधा. त्यापाशी कुणी थांबत नाही. मेइजी काळात किल्ल्यांना किंमत उरली नव्हती, हा किल्ला लिलावात अवघ्या 23 येनांना गेला असं सांगतात. 1878 साली नाकामुरा नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं सरकारला लिहून तो राखायला लावला. त्याचा हा दगड. इकेदानं बांधला ते सगळे वाचतात, यानं वाचवला ते वाचायला दोन मिनिटं द्या.

बाहेर पडायला साडेबारा-एक झाला पाहिजे, कारण छोट्या खानावळी दोन-अडीचनंतर चूल बंद करतात. मासे खाणाऱ्यांनी आनागो घ्यावा, आपल्या वामेच्या जातीतला, भाजून भातावर देतात. हिमेजीचं ओदेनही खा, रश्श्यात शिजवलेले मुळा, अंडं, टोफू, वर आलं घातलेला सोयासॉस. ज्यांचा सोमवार किंवा एकादशी असेल त्यांनी मात्र सांभाळा, तो रस्सा माशांच्या अर्काचा असतो, वरून भाजी दिसली तरी. "नीकु नाशी, साकाना नाशी" असं म्हटलं तर मांस नको, मासे नको हे कळतं, पण रश्श्याचं त्यांच्या लक्षात येत नाही. आमची ही डब्यात चिवडा आणि बेसनाचे लाडू घेऊन आली होती. कोको-एनच्या बाकावर ते खाल्ले, वर दुकानातून आणलेले आंबट उमेबोशी घातलेले भाताचे गोळे. भाताबरोबर आंबट लोणचं, ते आपल्या तोंडाला लगेच जमतं.